न विचारता कळावे म्हणून

"मॅडम, एका मित्राचं विचारायचं होतं."

कारागृहाच्या दवाखान्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करताना हे वाक्य मी किती वेळा ऐकले, याची मोजदाद ठेवली नाही. बंद्यांची ओपीडी संपलेली असायची, कंपाउंडर रजिस्टर मिटत असायचा, आणि दाराशी खाकीतला एखादा शिपाई टोपी हातात घेऊन घुटमळत असायचा. त्या दिवशीच्या मित्राला तीन आठवड्यांपासून खोकला होता. संध्याकाळी कणकण यायची, कमरेचा पट्टा दोन भोके आत गेला होता. मित्राचे वय विचारले तर त्याने स्वतःचेच सांगितले. राहतो कुठे, तर "इथंच, लाइनीत." मित्राला दोन वर्षांची मुलगी होती. मी थुंकीची डबी पुढे केली आणि म्हटले, मित्राला सांगा, सकाळी उठल्याबरोबर चूळ भरून, खोलवरून खोकून बेडका काढायचा आणि यात आणायचा. डबीवर नाव मात्र खरे लागते. तो बराच वेळ डबीकडे पाहत राहिला. मग खिशातले पेन काढून त्याने तिच्यावर स्वतःचे नाव लिहिले.

त्याने आडून का विचारले, हे तुरुंगाच्या भिंतीआड नोकरी केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. कर्मचाऱ्यांच्या लाइनीत भिंतीला भिंत लागून घरे असतात. सकाळी दवाखान्यात विचारलेली गोष्ट संध्याकाळी नळावर पोहोचते. मग शेजारची मुले खेळायला येईनाशी होतात, पहाऱ्यावर पाण्याची बाटली वेगळी ठेवली जाते, आणि ड्युटी वाटताना कोणीतरी म्हणते, याला नको, हा आजारी आहे. रोगापेक्षा माणसाला या सगळ्याचेच भय अधिक वाटते.

तुरुंग ही मागण्याची आणि विचारण्याची जागा आहे. बंदी पोस्टकार्ड मागतो, मुलाखत मागतो, डॉक्टरांकडे जायची परवानगी मागतो, हे आपल्याला ठाऊक असते. त्याच्यावर पहारा करणाराही दिवसभर विचारतच असतो, हे मात्र बाहेर कोणाच्या ध्यानात येत नाही. रजा हवी तर विचार, ड्युटी बदलून हवी तर विचार, क्वार्टर गळतेय तर अर्ज कर, मुलीच्या लग्नाला भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढायचे तर कागद वर पाठव. शिपाई हवालदाराला विचारतो, हवालदार सुभेदाराला, सुभेदार तुरुंगाधिकाऱ्याला. विचारलेली गोष्ट या पायऱ्या चढताना प्रत्येक पायरीवर थोडी थोडी सांडते. म्हणून जे विचारले तर लाज जाईल, नोकरीवर डाग येईल किंवा कमकुवत ठरायला होईल, ते माणूस विचारतच नाही. अशा न विचारलेल्या प्रश्नांवर वर्षे निघून जातात.

ही पुस्तिका त्या प्रश्नांसाठी आहे. काही निवृत्त कर्मचारी, एक वकील आणि दोन डॉक्टर यांनी तिचा मजकूर जमवला आणि मला प्रस्तावना लिहायला सांगितले. पहिली गोष्ट मला आवडली ती तिचा आकार. ती शर्टाच्या खिशात मावते. आजकाल माहिती मोबाइलवरच असते, मग छापायचे कशाला, असे एका तरुण सहकाऱ्याने विचारले होते. पण कारागृहातल्या शिपायाचा मोबाइल फाटकावर जमा होतो. आत जाताना त्याचीही झडती होते. पाळी संपेपर्यंत बाहेरचे जग त्याच्यासाठी बंद असते, आणि गरज पडते ती नेमकी त्याच तासांत. कागद आत जाऊ शकतो.

आपल्या मराठीने तुरुंगातून खूप काही मिळवले आहे. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी 'गीतारहस्य' लिहिले, १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली, पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली गेली. येरवड्याचे नाव घेतले की १९३२ चा करार आठवतो. त्याच येरवड्यातून जानेवारी १९२४ मध्ये गांधीजींना अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी ससून रुग्णालयात हलवले होते आणि कर्नल मॅडॉक यांनी ती केली, हे पुण्यात अजून सांगितले जाते. बंद्याच्या प्रकृतीची इतकी बारीक आठवण आपण जपली. त्या रात्री त्याच्या बराकीबाहेर कोण उभा होता, त्याचे पाय सुजत होते का, त्याच्या घरी कोण आजारी होते, याची ओळसुद्धा कुठे नाही. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या वसाहतीवरून शांतारामबापूंनी 'दो आँखें बारह हाथ' केला, त्यात तरी जेलर हा माणूस म्हणून दिसला. तो १९५७ चा चित्रपट. त्यानंतर मराठी वाचकाच्या मनात पहारेकरी पुन्हा किल्ल्यांचा जुडगा होऊन राहिला.

कायद्यानेही फार वेगळे केले नाही. १८९४ च्या कारागृह अधिनियमात बंद्याच्या आरोग्याची जबाबदारी वैद्यकीय अधिकाऱ्यावर स्पष्टपणे टाकलेली आहे. कर्मचाऱ्यांविषयी तिथे जे आहे ते मुख्यतः काय करू नये याचे आहे: बंद्यांशी व्यवहार करू नये, तुरुंगाच्या कंत्राटात हितसंबंध ठेवू नये. ते योग्यच आहे. पण त्या माणसाला काय मिळाले पाहिजे, हे सांगायला जगाला बराच काळ लागला. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांत ७४ ते ७६ हे तीन नियम कर्मचाऱ्यांवर आहेत. निवड काळजीपूर्वक व्हावी, वेतन पुरेसे असावे, प्रशिक्षण रुजू होण्यापूर्वी आणि नंतर नोकरीभर मिळत राहावे, आणि त्या प्रशिक्षणात प्रथमोपचार आणि बंद्यांच्या मानसिक गरजा ओळखणे हे असावे, असे त्यांत म्हटले आहे. पुस्तिकेत हे तीन नियम मराठीत दिले आहेत. वाचताना लक्षात येईल की कर्मचाऱ्याची काळजी आणि बंद्याची काळजी यांना तिथे वेगळे काढलेलेच नाही.

वेगळे काढता येतही नाही, कारण दोघांची हवा एक आहे. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ४,३६,२६६ बंद्यांची जागा होती आणि ५,७३,२२० बंदी होते. म्हणजे शंभरांच्या जागेत एकशे एकतीस. त्यांतले चारात तीन कच्चे कैदी, ज्यांचा खटला अजून संपलेला नाही. आदर्श कारागृह नियमपुस्तिकेत सहा बंद्यांमागे एक पहारेकरी असा हिशेब धरलेला आहे. देशभर तीसेक टक्के पदे रिकामी असताना तो हिशेब कसा जमणार? पद रिकामे राहिले तरी पहारा रिकामा राहू शकत नाही. दुसरा कोणी तिथे उभा राहतो, आणि त्याची झोप त्यात जाते. मी पाहिलेल्या शिपायांत तिशी-पस्तिशीतच रक्तदाब वाढलेले कितीतरी होते. रात्रपाळीच्या कामाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये संभाव्य कर्ककारक म्हटले आणि २०१९ मध्ये पुन्हा तेच सांगितले. पाळ्यांचे वेळापत्रक शिपायाच्या हातात नसते, हे मान्य. रात्रपाळीनंतर खोली अंधारी करून सलग झोपणे, पहाटेचा चौथा चहा टाळणे, दर तीन महिन्यांनी रक्तदाब मोजून घेणे आणि चाळिशीची वाट न पाहता साखर तपासणे एवढे मात्र त्याला करता येते.

एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे राज्यातली मुंबई, ठाणे, येरवडा, भायखळा आणि कल्याण ही पाच कारागृहे कुलूपबंद झाली. आतले बाहेर नाही, बाहेरचे आत नाही, आणि हा नियम कर्मचाऱ्यांनाही लागू. नोकरीवर गेलेला माणूस घरी परतला नाही, आतच राहिला. तरीही मेच्या पहिल्या आठवड्यात एकट्या मुंबईच्या आर्थर रोडमध्ये ७७ बंदी आणि २६ कर्मचारी बाधित निघाले. साथीत गज कोणालाच वाचवत नाहीत, हे तेव्हा सगळ्यांना दिसले. मग साथ ओसरली. जुना रोग होता तिथेच राहिला.

तो जुना रोग म्हणजे क्षय. पुस्तिकेचे हे प्रकरण मी तीनदा वाचले, दोन ठिकाणी दुरुस्त्या सुचवल्या आणि ते आणखी मोठे करायला लावले. क्षय हवेतून पसरतो. भांड्यातून, कपड्यातून, हस्तांदोलनातून पसरत नाही, म्हणजे पाण्याची बाटली वेगळी ठेवून काहीच साधत नाही. साधते ते खिडकी उघडी ठेवून. कोंदट बराकीत रात्री फेरी मारणारा शिपाई आणि आत झोपलेला बंदी तीच हवा आत घेतात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्रीचा घाम, यांतले काहीही असेल तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. सीबीनाट किंवा ट्रूनॅट या यंत्रांवर निदान काही तासांत होते आणि मुख्य औषधाला जंतू दाद देतो की नाही तेही कळते. सरकारी दवाखान्यात हे सगळे मोफत आहे. नेहमीच्या क्षयाला सहा महिने औषध लागते: पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. दुसऱ्या महिन्यात बरे वाटू लागते आणि तिथेच पुष्कळजण गोळ्या सोडतात. त्यातून औषधाला न जुमानणारा क्षय तयार होतो.

निक्षय पोषण योजनेचे पैसे नोंद झालेल्या प्रत्येक रुग्णाला मिळतात. २०१८ मध्ये महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. पगारदार माणसाने ते कशाला घ्यावेत, असे मला अनेकांनी संकोचाने विचारले. घ्यावेत. अंडी, डाळ, दूध यांसाठी ते दिलेले आहेत आणि आजारी शरीर पगाराची पावती पाहत नाही.

आणि घर. ज्याच्या फुप्फुसात क्षय आहे त्याच्या घरच्या प्रत्येकाची तपासणी झाली पाहिजे, आणि रोग नाही असे ठरल्यावर प्रतिबंधक औषध दिले पाहिजे. पाच वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत तर एक दिवसही घालवू नये. डबीवर नाव लिहिणाऱ्या त्या शिपायाचा अहवाल पॉझिटिव्ह आला तेव्हा त्याने पहिला प्रश्न मुलीचा विचारला. मित्राच्या नव्हे, आपल्या. दुसऱ्या दिवशी बायकोला आणि तिला घेऊन तो आला, आणि त्यानंतर आमच्यात मित्राचा विषय निघाला नाही.

खरजेचे पान छोटे आहे, पण लाइनीतल्या घरांना तेच सर्वांत आधी लागेल. गर्दीत खरूज होतेच आणि गणवेशासोबत घरीही येते. औषध मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत सगळ्या अंगाला, रात्रभर, आणि घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी लावायचे. एकट्याने लावले तर महिनाभराने पुन्हा खाज. आठवड्याने दुसरा हात. कपडे आणि चादरी गरम पाण्यातून काढून कडक उन्हात. एवढे नीट केले की ती जाते.

झडतीत हात कापण्याची गोष्ट निराळी. गादीच्या शिवणीत, साबणाच्या वडीत, चपलेच्या तळात ब्लेड लपवलेले असते. हात घालताना ते लागते, आणि त्यावर कोणाचे रक्त होते कोणास ठाऊक. माझ्याकडे एक हवालदार अशी जखम होऊन चार दिवसांनी आला होता. त्याला वाटले, कोणाला सांगितले तर संशय घेतील. ही चार दिवसांची गोष्ट आठवली की मला अजून त्रास होतो. जखम दाबून पिळायची नाही, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची आणि ताबडतोब दवाखाना गाठायचा. एचआयव्हीची लागण टाळण्याची औषधे शक्य तितक्या लवकर, जमल्यास दोन तासांत, सुरू करावीत. बहात्तर तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. कोर्स अठ्ठावीस दिवसांचा. अशा जखमेतून एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते, हेही माहीत असावे, म्हणजे रात्र जागून काढावी लागणार नाही. कावीळ ब चा विषाणू मात्र कितीतरी जास्त संसर्गजन्य आहे आणि वाळलेल्या रक्तात सात दिवस तग धरतो. त्याला लस आहे: आज, एका महिन्याने, सहाव्या महिन्याला. कारागृहात रुजू होणाऱ्या प्रत्येकाने ती पहिल्याच वर्षी घ्यावी. २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. जिथे कामातून अशी लागण होण्याचा मोठा धोका असतो, त्या आस्थापनेने संरक्षक साधने, प्रशिक्षण आणि ही औषधे कर्मचाऱ्याला पुरवायची आहेत असे तो सांगतो. तोच कायदा बंद्याचा आजार चार लोकांत बोलून दाखवायलाही मनाई करतो. वाचताना दोन्ही कलमे एकत्र वाचावीत.

आता मनाविषयी. आपल्याकडच्या तुरुंगांत जे अनैसर्गिक मृत्यू होतात त्यांत आत्महत्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. म्हणजे दरवर्षी कितीतरी शिपाई रात्री फेरीवर असताना असे दृश्य पाहतात की पुढे ते डोळ्यांसमोरून हलत नाही. तोच आधी धावतो, तोच आधार देऊन खाली उतरवतो, छाती दाबतो. पुस्तिकेत छाती कशी दाबायची ते चित्रांसह दिले आहे: मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, तीस दाबांनंतर दोन श्वास, मदत येईपर्यंत थांबायचे नाही. मग पंचनामा, जबाब, दंडाधिकाऱ्यांची चौकशी, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला चोवीस तासांत कळवणे. हे सगळे व्हायलाच हवे. कोठडीतल्या प्रत्येक मृत्यूचा हिशेब द्यावाच लागतो आणि त्यात सूट असू नये. पण त्या साऱ्या कागदांत एक प्रश्न कुठेच नसतो: तू त्यानंतर झोपलास का?

मी स्वतःही तो वेळेवर विचारला नाही. एका पहाटे अशा प्रसंगानंतर मृत्यूचा दाखला लिहून मी घरी गेले. जो शिपाई माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसून अर्धा तास छाती दाबत होता, त्याच्याशी मी एक शब्द बोलले नाही. दोन महिन्यांनी त्याच्या बायकोने येऊन सांगितले की तो रात्री उठून घरातल्या सगळ्या खोल्यांतली माणसे मोजतो.

ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही दूरध्वनी सेवा आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येते. तिथे नाव सांगण्याची सक्ती नाही, कार्यालयाची चिठ्ठी लागत नाही. हा क्रमांक पुस्तिकेच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापावा असा माझा आग्रह होता आणि तो मानला गेला. दारूवरचे प्रकरण मात्र अपुरे वाटते, हे मी संपादकांना सांगितले आहे आणि इथेही लिहिते. पाळी सुटल्यावर झोप यावी म्हणून सुरू झालेली दारू लाइनीतली किती घरे पोखरते, ते मी पाहिले आहे. एवढे तरी लक्षात ठेवावे: रोज पिणाऱ्याने एकाएकी थांबले तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. म्हणून सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. सोडायला आलेला माणूस रुग्ण असतो आणि त्याला रुग्णासारखेच वागवायचे असते.

महिला शिपायांनी मला जे सांगितले ते कुठल्याच नियमात सापडत नाही. मनोऱ्यावरची ड्युटी असली की त्या सकाळपासून पाणी पीत नसत, कारण खाली उतरून जायला बदली माणूस मिळत नसे. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग त्यांच्यात इतका नेहमीचा होता की त्याला त्या आजार म्हणतच नसत. बदली मागणे हा हट्ट नाही, असे या प्रकरणात स्पष्ट लिहिले आहे, ते वरिष्ठांनीही वाचावे. प्रसूती रजा १८० दिवसांची आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते, हे २०१३ च्या कायद्यात आहे. महिला विभागात आईबरोबर सहा वर्षांपर्यंतची मुले राहतात. त्यांची पहिली पावले अनेकदा या शिपाई बायकाच पाहतात, आणि घरी आपले मूल सासूकडे सोडून आलेल्या असतात. याचा मनावर काय भार पडतो, याचे चांगले वर्णन या प्रकरणात एका निवृत्त महिला हवालदाराने केले आहे.

कायद्याच्या भागाबद्दल मी डॉक्टर म्हणून थोडेच बोलू शकते. एक गोष्ट मात्र मी रोज पाहिली. बंद्याची संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे फर्लो आणि पॅरोल, यांचे १९५९ चे नियम आमच्या हवालदारांना तोंडपाठ असत. बंद्याचा अर्ज कुठे अडेल, जामीनदार कोण चालेल, सगळे सांगत. त्यांच्या स्वतःच्या रजेचे नियम १९८१ चे आहेत आणि ते त्यांतल्या बहुतेकांनी कधी पाहिलेले नव्हते. क्षय, कर्करोग, कुष्ठरोग, पक्षाघात यांसाठी त्यांत रजेची वेगळी तरतूद आहे. कर्तव्यावर असताना कोणी जाणूनबुजून इजा केली आणि त्यातून विकलांगता आली, तर तिच्यासाठी विशेष रजा आहे. बंद्याच्या मारहाणीत हात मोडलेला माणूस आपली अर्जित रजा खर्च करत घरी बसला होता, कारण दुसरी असते हे त्याला कोणी सांगितले नाही आणि त्यानेही विचारले नाही. उपचारांच्या खर्चाच्या प्रतिपूर्तीचे नियम १९६१ चे, शिस्त व अपिलाचे १९७९ चे, निवृत्तिवेतनाचे १९८२ चे. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर रुजू झालेल्यांची निवृत्तिवेतनाची वाट वेगळी आहे. ती वाट कळायला निवृत्तीची वाट पाहू नये.

बंद्याच्या हक्कांची माहिती कर्मचाऱ्यांच्या पुस्तिकेत कशाला, असे एकाने मसुदा वाचून विचारले होते. मला वाटते, ती नसती तर पुस्तिका अर्धी राहिली असती. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ जुलै २०२४ पासून लागू आहे. याआधी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आणि इतरांनी निम्मा काळ काढला असेल, तर त्यांच्या सुटकेसाठी न्यायालयाला लेखी कळवण्याचे कर्तव्य कारागृह अधीक्षकांवर आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून अधिक खटले चालू असतील तरीही नाही. जुन्या खटल्यांनाही ही तरतूद लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितले. ज्या बराकीत चाळिसांच्या जागी ऐंशी आहेत, तिथला शिपाई रजिस्टरमधली एखादी तारीख वेळेवर वरिष्ठांच्या नजरेस आणून देतो तेव्हा एक माणूस घरी जातो आणि उरलेल्यांना थोडी हवा मिळते. त्या हवेत शिपाईही येतो. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जातीवरून तुरुंगातली कामे वाटणे घटनाबाह्य ठरवले. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवरचा हा निकाल आहे. झाडू कोणाच्या हातात द्यायचा हे सकाळी बराकीतच ठरते, म्हणून हा निकाल सर्वांत आधी सकाळी बराक उघडणाऱ्याच्या खिशात हवा. विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांकही दिला आहे. कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि क्रमांक सांगायला वरच्या कोणाची परवानगी लागत नाही.

नागरिक म्हणून असलेल्या हक्कांचे प्रकरण थोडक्यात आहे. तुरुंगातल्या बंद्याला मतदान करता येत नाही, हे लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. पहारेकऱ्याला करता येते, पण मतदानाच्या दिवशी त्याची पाळी असते. अत्यावश्यक सेवांतील अनुपस्थित मतदारांसाठी टपाली मतपत्रिकेचा १२-ड नमुना असतो. आपला विभाग त्या निवडणुकीच्या यादीत आहे का हे पाहून, अधिसूचनेपासून पाच दिवसांत तो भरून द्यावा लागतो. पाच दिवस फार पटकन जातात. माहिती अधिकाराचा अर्ज, त्याचे तीस दिवस, पहिले अपील, आणि लोकसेवा हक्काच्या २०१५ च्या कायद्याखाली दाखला किती दिवसांत मिळायला हवा, हेही तिथे आहे. मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी चार रजा घालवलेल्या माणसाला या पानांची किंमत कळेल.

रिकामी पदे या पुस्तिकेने भरणार नाहीत आणि बराकींना खिडक्या फुटणार नाहीत. त्या मागण्या वेगळ्या आहेत आणि त्या मोठ्याने करत राहिले पाहिजे. तोवर जे आज रात्री ड्युटीवर आहेत त्यांच्याजवळ निदान हे असावे.

शेवटच्या पानाविषयी आमचा बराच वाद झाला. ते पान कोरे आहे. त्यावर आपला रक्तगट, रक्तदाब, साखर, लसींच्या तारखा, चालू असलेली औषधे आणि वेळ पडल्यास घरी कोणाला कळवायचे, एवढे ज्याचे त्याने लिहायचे आहे. मसुद्यात त्याखाली तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीसाठी एक रेघ होती. दर तीन महिन्यांनी कोणी पाहिले तर लोक भरतील, असा त्यामागचा विचार होता, आणि तो चांगल्या हेतूनेच केलेला होता. मी ती रेघ काढायला लावली. त्या पानावर कोणाचीही सही लागत नाही. नावासाठीही जागा ठेवलेली नाही.